‘औषध काही घेत नाही’ : आयुष राज्यमंत्र्यांना कुंभकोणमहून खुलं पत्र

मा. श्री. प्रतापराव जाधव,
राज्यमंत्री (स्वतंत्र कार्यभार), आयुष मंत्रालय,
तसेच राज्यमंत्री, आरोग्य व कुटुंबकल्याण मंत्रालय, भारत सरकार

यांस

आपण बुलढाणा जिल्ह्यातले, मी कावेरीकाठच्या कुंभकोणमची. तरी पत्र मराठीतच लिहिते आहे. आमचे पूर्वज सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या मागोमाग तंजावर मुलुखात आले आणि इथलेच झाले. घरात आम्ही अजून मराठी बोलतो. तीत तामिळ इतकं मुरलंय की पुण्याच्या माणसाला निम्मंच कळतं. लिहायची मराठी मी पुण्यात डॉक्टरकी शिकताना शिकले. व्यवसायानं मी भूलतज्ज्ञ आहे. गेली तीस वर्षं माणसांना झोपवायचं आणि सुखरूप जागं करायचं, एवढंच काम केलं.

पत्र आपल्यालाच लिहिण्याचं कारण असं की देशी वैद्यकाचं खातं आणि आरोग्य खातं, या दोन्हींचा कारभार आपल्याकडे एकाच वेळी आहे. मला जे मागायचं आहे ते बरोबर या दोन खात्यांच्या मधल्या उंबऱ्यावर पडलेलं आहे. तिथून ते उचलायचं कुणी, हे ठरलेलं नाही.

आधी घरची गोष्ट सांगते.

माझी आत्या चौऱ्याहत्तर वर्षांची. पित्ताशयात खडे झाले म्हणून दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलं. घरच्या माणसाला भूल मी देत नाही, म्हणून दुसऱ्या गावातल्या एका रुग्णालयात तिला नेलं. भूल देण्याआधीच्या तपासणीला एक तरुण डॉक्टर होता, नम्र, मन लावून काम करणारा. हातातल्या छापील कागदावरून त्यानं विचारलं, ‘पाटी, मात्तिरै एदावदु साप्पिडरींगळा?’ म्हणजे, आजी, गोळ्या काही घेता का? आत्या म्हणाली, नाही. ती खोटं बोलली नाही. उभ्या आयुष्यात तिनं गोळी घेतली ती ताप चढला तरच.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी रक्ताचा अहवाल आला. पोटॅशियम २.७. निरोगी माणसात ते ३.५ ते ५ च्या दरम्यान असतं. रक्तदाब १८० च्या वर, आणि हृदयाच्या आलेखात पोटॅशियम उतरल्याच्या खुणा. अशा रुग्णाला भूल दिली तर हृदयाचा ठोका कधी आणि कसा बिघडेल, याची खात्री कुणालाच देता येत नाही. ऑपरेशन पुढे ढकललं, आणि तो निर्णय अगदी योग्य होता. पण पोटॅशियम का उतरलं, ते कुणाला उमगेना. जुलाब नाहीत, उलट्या नाहीत, लघवीची गोळी नाही.

उत्तर मला घरी सापडलं, चुलीशेजारच्या पितळी डब्यात. ऐप्पसी महिन्यातल्या पावसात तिला खोकला धरला होता. तेव्हापासून दोन महिने ती रोज दोनदा काढा, म्हणजे इथलं कषायम्, घेत होती: चित्तरत्तै, कंडन तिप्पिली आणि अतिमधुरम्. हे त्रिकूट इथल्या प्रत्येक घरात असतं. सारंगपाणीच्या देवळाकडे जाताना जे नाट्टू मरुंदु कडै लागतं, म्हणजे आपल्याकडचं काष्ठौषधीचं दुकान, तिथून पुडी येते. शिवाय डॉक्टरांनी सुपारी सोडायला सांगितल्यापासून विड्याऐवजी तिच्या गालात अतिमधुरम्‌ची कांडी असायची, दिवसभर. कुंभकोणमच्या पानाची सवय अशी सहज सुटत नाही, तोंडाला काहीतरी लागतंच.

अतिमधुरम् म्हणजे आपलं ज्येष्ठमध.

मी तिला विचारलं, ‘अगं, तू डॉक्टरांना हे का सांगितलं नाहीस?’ ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, ‘त्यानं मात्तिरै विचारली. कषायम् कुठं विचारलं?’

साहेब, या वाक्यानं मला कित्येक रात्री झोप लागू दिली नाही. कारण तोच प्रश्न, त्याच शब्दांत, मी स्वतः वर्षानुवर्षं विचारत आले होते. त्या तरुण डॉक्टरला मी बोल लावत नाही. कागदावर जे छापलं होतं ते त्यानं विचारलं. कागद तसाच आहे, सगळीकडे.

शब्दाची गंमत बघा. तामिळ ‘मात्तिरै’ आणि मराठी ‘मात्रा’ हे दोन्ही एकाच संस्कृत शब्दाचे. मराठीत मात्रा वैद्याची: हेमगर्भाची मात्रा, सहाणेवर उगाळून मधात चाटवायची. ‘मात्रा लागू पडली’ असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे वैद्यबुवाच असतात. तामिळमध्ये तोच शब्द दवाखान्यातल्या गोळीला चिकटला. म्हणून कुंभकोणममध्ये ‘मात्तिरै घेता का’ असं विचारलं की वैद्याचं सगळं, घरचं सगळं, आपोआप प्रश्नाबाहेर जातं. मराठी मुलुखातही निराळं काही नाही. ‘गोळ्या चालू आहेत का?’ असं विचारलं तर गुळवेलीचा रस पिणारा, अश्वगंधा घेणारा, सांधेदुखीसाठी गुग्गुळ खाणारा, साखरेसाठी रोज कारल्याचा रस पिणारा, सगळे एका सुरात ‘नाही’ म्हणतात. ‘औषध’ विचारलं तरी फार फरक पडत नाही. आजीबाईच्या बटव्यातल्या वस्तूला औषध म्हणणं माणसांना जडच जातं. ती घरची वस्तू.

या प्रश्नाचा सगळ्यात नीट अभ्यास ज्यांनी केला, ते हाँगकाँगचे. तिथल्या चिनी विद्यापीठाच्या भूलतज्ज्ञांनी सहाशेच्या वर शस्त्रक्रियेच्या रुग्णांना गाठून विचारलं, की ऑपरेशनच्या आधीच्या दोन आठवड्यांत तुम्ही कोणत्या चिनी वनौषधी घेतल्या? ती पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. पाचातल्या चौघांनी काही ना काही स्वतःच्या मनानं घेतलं होतं. त्याखेरीज शंभरातल्या आठेक जणांनी चिनी वैद्याकडून लिहून आणलेलं औषध घेतलं होतं. निष्कर्ष दोन्ही बाजूंच्या लोकांना अडचणीत टाकणारा निघाला. वैद्यानं लिहून दिलेली मिश्रणं घेणाऱ्यांत, ऑपरेशनच्या आधीच काही बिघाड दिसण्याची शक्यता इतरांच्या दुपटीहून थोडी जास्त होती. बिघाड म्हणजे मुख्यतः दोन: पोटॅशियम उतरणं आणि रक्त गोठायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागणं. प्रत्यक्ष ऑपरेशन चालू असताना किंवा नंतर मात्र, वनौषधी घेणारे आणि न घेणारे यांच्यात ठळक फरक आढळला नाही.

‘बघा, जडीबुटी घातक असते’ असं म्हणणाऱ्याला या पाहणीचा पूर्ण आधार नाही, कारण घरगुती काढे पिणाऱ्यांचं वाईट झालेलं दिसलं नाही. ‘नैसर्गिक आहे, काही होत नाही’ असं म्हणणाऱ्यालाही नाही, कारण पोटॅशियम उतरलेलं होतं. शिवाय सहाशे माणसांत हजारातून एकदा घडणारी गोष्ट दिसत नसते, हेही ध्यानात ठेवायला हवं. पण त्या संशोधकांनी एक केलं. त्यांनी शिव्या दिल्या नाहीत, आरत्याही ओवाळल्या नाहीत. त्यांनी विचारलं आणि लिहून ठेवलं.

पोटॅशियम का उतरत असेल, याचा एक धागा मला आत्याच्या डब्यात दिसतो. ज्येष्ठमध हे चिनी वैद्यकात सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या द्रव्यांपैकी एक. ते त्याला ‘गान त्साओ’ म्हणतात, गोड गवत. असंख्य मिश्रणांत ते पडतं, बाकीच्या औषधांचा कडवटपणा आणि तीक्ष्णपणा शमवायला. आपल्या आयुर्वेदात यष्टिमधु, इकडच्या तामिळ परंपरेतल्या सिद्ध वैद्यकात अतिमधुरम्. त्यातलं ग्लायसिऱ्हायझिन नावाचं द्रव्य शरीरातल्या एका विकराला अडवतं. हे विकर मूत्रपिंडात एक पहारा करत असतं: कॉर्टिसॉल या संप्रेरकानं तिथं जाऊन मीठ-पाण्याचा हिशेब बिघडवू नये म्हणून त्याला निष्प्रभ करत राहायचं. पहारा उठला की शरीर मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम लघवीवाटे सोडून देतं आणि रक्तदाब चढतो. चहात चिमूटभर टाकलेल्या ज्येष्ठमधानं हे होत नाही. रोज, आठवडेच्या आठवडे, भरपूर प्रमाणात घेतलं तर होतं. आणि बंद केल्यावर लगेच थांबत नाही, पोटॅशियम जागेवर यायला एकदोन आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. म्हणजे ऑपरेशनच्या आदल्या रात्री ‘उपाशी राहा’ म्हणून सांगितलं तर काढाही सुटेल, पण त्याचा परिणाम सुटणार नाही.

हे वाचून कुणी म्हणेल, ही इंग्रजी वैद्यक शिकलेली बाई, हिला देशी औषधांचा राग. तसं नाही. भूलतज्ज्ञाला वनस्पतींचा राग परवडायचाच नाही, आमचा अर्धा ट्रे वनस्पतींनी भरलेला असतो. मॉर्फिन अफूतून आलं. ॲट्रोपिन धोतऱ्याच्या कुळातल्या झाडांतून. स्नायू सैल करणारी आमची औषधं ज्याच्या वंशातली, ते क्युरारे म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींचं बाणाला लावायचं विष. १९४२ साली माँट्रियलमध्ये ते पहिल्यांदा भूलशास्त्रात नीट वापरलं गेलं. पाठीतून भूल दिल्यावर रक्तदाब खाली आला की आम्ही जे एफेड्रिन टोचत आलो, ते चिनी ‘मा हुआंग’ या झुडपातलं. ते १८८५ मध्ये जपानच्या नागाई यांनी वेगळं काढलं. पुढे १९२४ मध्ये चेन आणि श्मिट यांनी पेकिंगमध्ये केलेल्या कामामुळे ते जगभर पोचलं. पण त्याच मा हुआंगची वजन उतरवण्याच्या नावाखाली दुकानांतून विक्री होऊ लागली, लोकांची हृदयं बिघडली, आणि २००४ साली अमेरिकेनं त्या पूरक गोळ्यांवर बंदी घातली. झुडूप तेच. एकीकडे मोजून, नोंदून, डोळ्यांसमोर दिलेलं. दुसरीकडे कुणालाच न सांगता घेतलेलं.

भुलेचा इतिहासच मुळी काढ्यातून सुरू होतो. १८०४ साली जपानमध्ये हानाओका सेइशू या शल्यविशारदानं साठ वर्षांच्या बाईच्या स्तनातली गाठ काढली, तिला पूर्ण झोपवून. बॉस्टनमधलं इथरचं प्रसिद्ध प्रात्यक्षिक व्हायला तेव्हा अजून बेचाळीस वर्षं बाकी होती. हानाओकांचा काढा चिनी परंपरेतून आलेला, धोतरा आणि बचनाग घातलेला. असल्या द्रव्यांचं प्रमाण चुकलं तर माणूस उठत नाही. म्हणूनच त्यांनी ते वर्षानुवर्षं, प्रमाण बदलत, तपासत बसवलं.

त्याच वर्षांत तंजावरच्या गादीवर सरफोजीराजे दुसरे होते. १७९८ ते १८३२ हा त्यांचा काळ. त्यांच्या धन्वंतरी महालाबद्दल आपण ऐकलं असेल. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय वैद्यक जाणणारे लोक तिथं एकत्र काम करत. उपाय रोग्यांवर करून पाहिले जात, काय लागू पडलं ते टिपून ठेवलं जाई. त्यातूनच तामिळ पद्यात ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ हा औषधपाठांचा मोठा संग्रह तयार झाला. शरभेंद्र म्हणजे आमचे सरफोजी. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात डोळ्यांच्या रुग्णांचे त्या काळचे केसपेपर आहेत. रोगी कोण, तक्रार काय, उपचार काय केला, आणि सोबत डोळ्याचं हातानं रंगवलेलं चित्र. आजकालच्या नेत्रतज्ज्ञांनी त्यांचा अभ्यास केला आहे. मी ते कागद पाहिले तेव्हा माझ्या मनात आलेला पहिला विचार एकच होता: दोनशे वर्षांपूर्वी, छापील फॉर्म नसताना, एकाच रोग्याच्या कागदाशी वेगवेगळ्या शास्त्रांची माणसं बसू शकत होती.

आज तामिळनाडूच्या कितीतरी सरकारी रुग्णालयांत सिद्ध विभाग त्याच आवारात असतो. महाराष्ट्रातही जिल्हा रुग्णालयांत आयुषचे वैद्य बसतात. वैद्याची खोली आणि ऑपरेशन थिएटर यांच्यात फार तर दोनशे पावलांचं अंतर. ती दोनशे पावलं कुठलाही कागद चालत नाही.

असा कागद चालला तर काय होतं, याचं एक मराठी मुलुखातलं उदाहरण देते. सर्पगंधा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना ती देऊन, मोजून, १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष छापले. जगाचं लक्ष वेधलं गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि लाखो माणसं ते घेऊ लागली. मग काही वर्षांतच भूलतज्ज्ञांच्या ध्यानात आलं की सर्पगंधेवर असलेल्या रुग्णाला भूल दिली की काही जणांचा रक्तदाब धाडकन कोसळतो. १९५६ च्या सुमाराला अमेरिकेत तशा नोंदी छापून आल्या, आणि सल्ला निघाला: ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी बंद करा. पुढे आणखी अनुभव जमला तसं कळलं की रक्तदाबाचं औषध एकदम तोडण्यानंही नुकसान होतं, सावध राहून चालू ठेवणंच बरेचदा बरं. सल्ला बदलला. हे सगळं का घडू शकलं? रुग्ण सर्पगंधा घेतोय हे भूल देणाऱ्याला माहीत होतं म्हणून.

म्हणूनच मी आपल्याकडे ‘सगळी देशी औषधं ऑपरेशनआधी बंद’ असं फर्मान मागत नाही. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं पूर्वीच सुचवलंय, की शक्य तर दोन आठवडे आधी वनौषधी थांबवाव्यात. २००१ साली शिकागोच्या डॉक्टरांनी आठ वनौषधींचा आढावा घेऊन, सरसकट एकच नव्हे, तर वनस्पतीनुसार मुदत सांगितली: लसणाच्या औषधी गोळ्या सात दिवस, जिनसेंग सात दिवस, जिंको छत्तीस तास. (फोडणीतला लसूण नव्हे, कृपा करून कुणी ताटातला लसूण काढू नका.) आपल्या तगरीच्या कुळातल्या व्हॅलेरियनबद्दल मात्र त्यांनी बजावलं, की एकदम तोडू नका, हळूहळू कमी करा. म्हणजे ‘बंद करा’ हे उत्तर नेहमी बरोबर नसतं. पण ते वैद्यानं आणि भूलतज्ज्ञानं मिळून ठरवायचं, आणि त्यासाठी आधी दोघांना कळायला हवं.

आता जरा अवघड विषयावर येते, आपण राग मानू नये. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची नोंद छापली: करोनाच्या काळात गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले. आपल्या मंत्रालयानं तेव्हा ती नोंद दिशाभूल करणारी ठरवली. म्हणणं असं होतं, की ती वनस्पती गुळवेलच होती, की तिच्यासारखीच दिसणारी, तिनोस्पोरा या त्याच प्रजातीतली दुसरी, हे तपासलेलं नाही. पुढच्या वर्षी देशभरातल्या अनेक केंद्रांतून अशाच चाळीसहून जास्त रुग्णांची नोंद आली. त्या वादाचा निवाडा मी इथं करत नाही. पण मंत्रालयाचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो: वनस्पती नेमकी कोणती? बेल्जियममध्ये १९९० नंतरच्या काही वर्षांत वजन उतरवायला गेलेल्या शंभराहून जास्त जणांची, बहुतेक बायकांची, मूत्रपिंडं बिघडली, पुष्कळांची निकामी झाली. एका चिनी वनस्पतीऐवजी तिच्या नावाशी नाव जुळणारी दुसरी, अॅरिस्टोलोकियाच्या जातीची, मिश्रणात पडली होती. तिच्याच कुळातलं ईश्वरमूळ आपल्याकडेही मिळतं. आता सांगा, ऑपरेशनला आलेल्या रुग्णाच्या कागदावर ‘काढा’ एवढंसुद्धा लिहिलेलं नसेल, तर कोणता काढा, कुठल्या दुकानातला, कोणती मुळी, हे पुढे कोण शोधणार? ज्या मंत्रालयाला ओळखीचा आग्रह आहे, त्यानंच आधी विचारण्याचा आग्रह धरला पाहिजे.

कागदावरचा एक प्रश्न म्हणजे क्षुल्लक गोष्ट, असं दिल्लीत कुणाला वाटेल. शस्त्रक्रियेची सुरक्षा-तपासयादी जागतिक आरोग्य संघटनेनं काढली ती एका पानाची, एकोणीस मुद्द्यांची. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत, त्यात एक दिल्लीतलं, ती वापरून पाहिली. मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून पाऊण टक्क्याच्या आसपास आलं. हा निष्कर्ष २००९ चा. त्या पानावर ॲलर्जीबद्दल विचारलंय, श्वासनलिकेबद्दल विचारलंय, किती रक्त जाईल ते विचारलंय. काढ्याबद्दल नाही. ती यादी जगासाठी होती, आणि स्थानिक गरजेप्रमाणे तीत भर घालावी असं तिच्याच तळाशी लिहिलेलं आहे. आपल्या देशात ती भर कोणती असायला हवी, हे कुंभकोणमच्या कुठल्याही स्वयंपाकघरात शिरलं की दिसतं.

तेव्हा माझं मागणं. सरकारी रुग्णालयांत भूल देण्याआधीच्या तपासणीच्या कागदावर एक ओळ वाढवावी, आणि ती त्या त्या प्रांताच्या घरगुती बोलीत असावी. ‘हर्बल सप्लिमेंट्स’ असं छापलं की आत्याला कळणार नाही आणि विचारणारा डॉक्टरही ती ओळ वाचून सोडून देईल. तामिळमध्ये कषायम्, लेहियम्, सूरणम्, नाट्टू मरुंदु हे शब्द हवेत. मराठीत काढा, चूर्ण, रस, आसव-अरिष्ट, भस्म, मुळी, आणि ‘गावातल्या वैदूनं दिलेली पुडी’. शब्द रुग्णालयातल्या परिचारिकांना आणि आशाताईंना विचारून ठरवा. त्यांना ते आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतात. आणि प्रश्न ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी विचारून उपयोग नाही, तारीख ठरते त्या दिवशी विचारला गेला पाहिजे, म्हणजे हातात दोनतीन आठवडे असतात. तातडीच्या ऑपरेशनमध्ये तेवढा वेळ नसतो, पण तिथंही माहिती असेल तर पोटॅशियम आधी तपासता येतं, रक्त तयार ठेवता येतं.

रुग्णानं सांगितल्यावर त्याला रागवायचं नाही, हेही त्या कागदाबरोबरच्या सूचनांत हवं. लोक लपवतात त्याचं मोठं कारण आमची तोंडं आहेत. ‘हे असलं कशाला खाता’ असं एकदा ऐकलेली बाई पुन्हा कधी सांगत नाही.

दुसरं, हाँगकाँगसारखी पाहणी आपल्या मातीत व्हावी. आपल्याकडे द्रव्यं वेगळी, प्रमाण वेगळं, शिवाय एकाच वेळी तीन पद्धतींची औषधं घेणारी माणसं. सिद्ध वैद्यकाचं घर असलेल्या या तंजावर जिल्ह्यात एक, आणि आयुर्वेद रुजलेल्या महाराष्ट्रातल्या एखाद्या जिल्ह्यात एक. आपल्या बुलढाण्यात झाली तर फारच चांगलं. डेंग्यूच्या साथीत इथल्या सरकारनंच निलवेंबु कुडिनीर वाटलं. त्यातली मुख्य वनस्पती म्हणजे कोकणातलं ओलं किराईत, आणि तिच्या अर्कानं रक्तातल्या बिंबिकांचं एकमेकींना चिकटणं मंदावतं, असं प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. साथीत ते प्यालेल्या माणसाला त्याच आठवड्यात ऑपरेशन लागलं तर काय, हे प्रत्यक्ष रुग्णांत मोजून पाहण्याजोगं आहे. सिद्ध वैद्य त्या पाहणीत पहिल्या दिवसापासून असावेत, निष्कर्ष काहीही निघोत. त्यांच्याशिवाय केली तर ती कुणी मानणार नाही, आणि मानूही नये.

तिसरं काम तर होऊ घातलेलंच आहे. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेण्याची आपल्या मंत्रालयाची योजना आहे, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत तिचं राष्ट्रीय केंद्र आहे, चेन्नईजवळ तांबरमच्या राष्ट्रीय सिद्ध संस्थेकडे सिद्धाचं काम आहे. पण ऑपरेशन थिएटरमधला भूलतज्ज्ञ त्या वाटेनं जातच नाही. माझ्या तीस वर्षांत कुणी मला तो अर्ज दाखवला नाही, मीही मागितला नाही. तो थिएटरच्या दारात लटकवला जावा.

आत्याचं पुढे काय झालं, तेही सांगते. अतिमधुरम् थांबवलं, पोटॅशियम दिलं, रक्तदाब उतरला. खोकल्यासाठी सिद्ध वैद्यांनी ज्येष्ठमध वगळून दुसरा पाठ दिला, आणि तो कोणता हे त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं. ती चिठ्ठी आम्ही फाइलीत लावली. चौथ्या आठवड्यात ऑपरेशन झालं, तिसऱ्या दिवशी ती घरी आली. विड्याचा डबा तिनं शेजारणीला देऊन टाकला आहे, निदान आम्हाला तसं सांगते.

मी आता प्रश्न बदलला आहे. खुर्ची ओढून रुग्णाशेजारी बसते आणि तामिळमध्ये विचारते, मराठी घर असेल तर मराठीत: ‘आजी, सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत तोंडात काय काय जातं ते सांगा बघू. चहा-कॉफीपासून सुरू करा. काढा, चूर्ण, लेह, मुळी, कुणी आणून दिलेली पुडी. कुठल्या दुकानातून आणता? किती दिवस झाले? डबा घेऊन आलात का, दाखवा.’ पाच मिनिटं लागतात. हल्ली पुष्कळ जण डबा घेऊनच येतात.

आपली,
एक भूलतज्ज्ञ,
कुंभकोणम